अकरा एक

२३. बाकी १०.

"अकरा एक लिही," आबा म्हणाले. "एकाला लागून एक. मध्ये जागा सोडू नकोस."

मी पाटीवर लिहिले. १११११११११११.

"आता वाच."

"अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा."

"कानाला कशी गोड लागते बघ. कुठूनही ऐका, अकराच. ही संख्या तोडून दाखव. तुटली, तर कोल्हापूर. नाही तुटली, तर कोल्हापूरचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही."

"तोडायची म्हणजे?" जेवता जेवता विलासने विचारले. विलास माझा नवरा. साखर कारखान्यात केमिस्ट. मळीची घनता त्याला बोटाने कळायची, पण वडील गणिताकडे वळले की तो लहान मुलासारखा ताटात बघू लागायचा.

"पंधरा तुटते. तीन पाचे," आबा म्हणाले. "तेरा तुटत नाही. जी तुटत नाही ती मूळ संख्या. अकरा एक तुटत नाहीत असं माझं मत आहे. तीस वर्षं आहे."

"सिद्ध केलंय तुम्ही?" मी विचारले.

"मत आहे म्हटलं."

"मग मी तोडते."

"तेवीसपासून सुरू कर. तेवीसच का, ते सांग आधी."

मी सांगितले. या संख्येला भाग जाईल असा कुठलाही आकडा घ्या, त्याला बावीसने भागलं की एक उरलाच पाहिजे. तसं का होतं, तेही सांगितलं, तीन वाक्यांत. आबांची मान किंचित हलली. ते शिक्षक होते. बरोबर उत्तराला त्यांची मान त्यांना न विचारता हलायची.

मी भागाकार केला.

"बाकी?"

"दहा."

"पुढे."


६७. बाकी १८.

ही गोष्ट मी भागाकारांच्या क्रमानेच सांगते. मला ती तशीच आठवते. तारखा पुसल्या गेल्या, बाक्या राहिल्या.

एकोणीसशे शहात्तरचा मे. कृष्णेकाठच्या एका कारखान्याची वसाहत. गाळप संपलेले, चिमणी थंड, नवरे दुपारी घरी येऊन झोपणारे. लग्नाआधी मी सांगलीला गणितात बी. एस्सी. केले होते. एम. एस्सी.साठी कोल्हापूरला जागा मिळत होती. दोन वर्षे वसतिगृह. विलास हो म्हणाला होता. अडले होते ते आबांपाशी.

आबा, म्हणजे मुळीक सर. काचबिंदूने तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. शाळा सुटली, मिरजेचे घर सुटले, ते आमच्याकडे आले. सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, दुपारी गणिताची जुनी मासिके. समीकरण वाचताना मी कुठे अडखळले, की पुढचे ते म्हणायचे.

कोल्हापूरचा विषय निघाला तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "सून म्हणून विचारतेयस की गणिताची विद्यार्थिनी म्हणून?"

"विद्यार्थिनी म्हणून."

"मग गणितातच ठरवू."


८९. बाकी ६.

"तू त्यांना समजाव," मी विलासला म्हणाले.

"मी पडणार नाही हं तुमच्या दोघांत. काल जेवणात ते मला सात तेरे विचारत होते. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली, कुंदा."

"मग? किती सांगितलेस?"

"मीठ वाढ म्हटलं."


९९०१. बाकी ९९०.

मधले शंभरेक भागाकार मी गाळते. ते आबांनी पूर्वीच केले होते. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तूही कर," म्हणाले, म्हणून मीही केले. मी बाकी सांगायच्या आधीच ते ती सांगायचे. एकशे नव्व्याण्णव? चाळीस. नऊशे एक्क्याण्णव? दोनशे ब्याऐंशी. माझी पाटी आणि त्यांची आठवण एकदाही वेगळी निघाली नाही.

नऊ हजार नऊशे एकला ते म्हणाले, "नऊशे नव्वद. हा माझा शेवटचा."

"इथेच का थांबलात?"

"पुढची संख्या कोष्टकात दिसेना. वाटलं, दिवा बारीक झालाय. वात वर केली. वात ठीक होती."

मी पाटी पुसली. कोष्टक त्यांचेच होते, मूळ संख्यांचे, कडा झिजलेले. त्याच्या पुढच्या पानांवर कुणाचे बोट फिरल्याची खूण नव्हती.

"पुढे," आबा म्हणाले.

पुढे किती होते, ते मी त्या संध्याकाळी काढले. एक लाख पाच हजार चारशेपर्यंतच जावे लागणार होते. त्याच्या वरचा एखादा आकडा या संख्येला भागत असेल, तर त्याचा जोडीदार त्याच्या खालीच सापडला पाहिजे. म्हणजे शेवट होता, एवढे समाधान. पण त्या शेवटापर्यंत मोजून जवळजवळ नऊशे भागाकार. पाच अंकी भाजक, अकरा अंकी भाज्य. प्रवेशाची मुदत जूनच्या पहिल्या सोमवारी संपत होती. आणि मी एकटी.


पापड. बाकी: आम्ही सहाजणी.

आमच्या मागच्या अंगणात दर उन्हाळ्यात वसाहतीतल्या बायका पापड लाटायला जमत, कारण सावली आमच्या आंब्याची आणि खाटा आमच्या जास्त. मी लाटता लाटता तोंडाने भागाकार करत होते.

"काय पुटपुटतेस ग?" रंजनाने विचारले. रंजना टाइमकीपरची बायको, आमच्यातली सर्वांत वाह्यात. "नवऱ्याला शिव्या देतेस तर मोठ्याने दे, आम्हीपण घालतो भर."

मी सांगितले. सगळे. पैज, कोल्हापूर, अकरा एक.



"नऊशे भागाकार," शकीलाभाभी म्हणाली. तिचा नवरा कारखान्यात टर्नर. ती स्वतः मॅट्रिक, आणि हिशेबाला इतकी चोख, की भाजीवाला तिला बघून काटा सरळ धरायचा. "सहाजणी आहोत. किती येतात एकीला?"

"भाभी, पाच अंकी भागाकार आहेत."

"उडदाचे पापड किती केले आपण परवापासून? मोजलेस? नाही ना? मग हे तरी कशाला मोजतेस. वाटून दे."

गोदाक्का सर्वांत मोठी. बॉयलरवरच्या फिटरची आई, साठीच्या पुढची, कपाळावर बुक्का, ओठ कायम हलते. देवाचे नाव चाललेले असायचे. ती म्हणाली, "मला चौथीपतूर भागाकार येत होता. दोन आकड्यांचा. अजून येतोय का बघू. न्हाय आला तर मी पापड लाटीन, तुमी भागा."

"अक्का, यात तुम्हाला काय मिळणार?" रंजनाने डिवचले.

"हिचा सासरा हारल. तेवढं बघायला मिळालं तरी लई झालं. माझा कवाच हारला न्हाई."

रंजनाने बालवाडीतून पाट्या आणल्या. शाळेला सुट्टी होती, पाट्या रिकाम्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पापड आणि दुपारी भागाकार. खाटांवर पापड वाळत, खाटांखाली आम्ही.


पद्धत.

आधी भाजकाचा पाढा मांडायचा, एकपासून नऊपर्यंत. मग वरून एकेक अंक खाली घेत जायचे. आपल्या संख्येत सगळे एकच, म्हणून भाज्य लिहायचीही गरज नाही. उरलेल्या बाकीपुढे एक लिहा, भाग द्या, वजा करा. पुन्हा एक लिहा.

अडचण एवढीच, की किती एक खाली आले याचे भान सुटते. सगळे सारखे दिसतात. चौथा आणि पाचवा यांच्या तोंडावळ्यात फरक नाही.

मी म्हणाले, "हाताच्या पेरांवर मोजा. चार बोटं, बारा पेरं. अंगठा एकेका पेरावर सरकवायचा. एक पेर सोडून द्यायचं. अकरा झाले की थांबा."

"हे तर माझं रोजचंच हाय," गोदाक्का म्हणाली. "सोडतेच की मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुढच्या गोष्टीकडे वळले.

गोदाक्काला मी सर्वांत लहान आकडे दिले, दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंतचे. पहिल्या दिवशी तिचे तीन झाले. चौथ्या दिवशी तिने रंजनाला गाठले.


ओसरी.

आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसत. भागाकार झाला, की जिचा झाला तिने ओरडून भाजक सांगायचा. मग ते विचारत, "बाकी?" आणि बाकी ऐकून म्हणत, "पुढे."

प्रतिपक्षही तेच आणि पंचही तेच. कुणाला गैर वाटले नाही. बाकी भाजकाहून मोठी निघाली, की ते म्हणायचे, "कोण ते? रंजना? भाग अजून जातोय. परत कर."

"सर, तुम्हाला घाम सुटलाय!" रंजना ओरडायची.

"मे महिना आहे."

"मे महिना आम्हालापण आहे, आम्हाला नाही सुटला!"

एकदा शकीलाभाभीने विचारले, "सर, खरं सांगा, तुटावी वाटते का तुटू नये वाटते?"

"माझ्या मताला कोण विचारतं? तिचं ती ठरवून बसली आहे," आबा म्हणाले. "जगात कुणाला तरी माहीतही असेल. आपल्याला नाही, एवढंच."

मला आठवते, त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचायला सांगितले नाही. सकाळचा अंक तसाच घडी घातलेला राहिला. दुसऱ्या दिवशीचाही.

दुपार उतरू लागली की वसाहतीतले नवरे जागे व्हायचे आणि चहा विचारायचे. अंगणातून उत्तर जायचे, "भाग चाललाय!"


१,०५,३५९. बाकी ५६,३३०.

हा कोष्टकातला शेवटचा लायक आकडा. तो माझ्याकडे होता. शुक्रवारी दुपारी मी तो केला. सगळ्या माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. दहाव्या पेराला मला कळले, की नाही जाणार. तरी अकरावा एक खाली घेतला.

"बाकी?" ओसरीवरून आवाज आला.

"छप्पन्न हजार तीनशे तीस."

या वेळी 'पुढे' आले नाही. पुढे काही नव्हतेच.

रंजनाने पाट्या गोळा केल्या. शकीलाभाभी माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग तीही गेली. मी ओसरीवर गेले.

"आबा, तुम्ही जिंकलात."

"हं."

"मूळ संख्या आहे. नाही तुटत."

"हं." ते बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. "सगळ्यांनी केले? एकही राहिला नाही?"

"एकही नाही."

मला वाटले होते, ते हसतील. निदान मान हलेल. मान हलली नाही. जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. मी वर्तमानपत्र उघडले, तर म्हणाले, "राहू दे आज." मग, मी आत वळत असताना, "तुझा आवाज बसलाय. दूध घे हळद घालून."


मेरू.

शनिवारी सकाळी पापडाचे पीठ मळायची परात परत द्यायला मी गोदाक्काकडे गेले. ती मागच्या दारी तुळशीपुढे बसली होती. जप चालला होता. तिने डोळ्यांनीच 'बस' म्हणून खुणावले.

मी पायरीवर बसले आणि मला दुसरे काही बघायला नव्हते, म्हणून तिचा हात बघत राहिले. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर. मग खालचे पेर. मग करंगळी, खालून वर. मग अनामिकेचे टोक, मधल्या बोटाचे टोक, मग तर्जनी, वरून खाली. पुन्हा पहिल्यापासून. माळेसारखा गोल गोल.

मधल्या बोटाची खालची दोन पेरं कोरडीच राहत होती. अंगठा त्यांना वळसा घालून जायचा.

मी पुन्हा बघितले. पुन्हा वळसा.

"अक्का," मी म्हणाले. जपात बोलू नये, पण मी बोलले. "ही दोन पेरं?"

तिचा जप तुटला. तिने रागाने बघितले. "तो मेरू, माळंतल्या मेरूमण्यावानी. मेरू वलांडत न्हाईत."

"भागाकार करताना?"

"काय भागाकार करताना?"

"एक मोजताना. मेरू घेत होतात की सोडत होतात?"

"सोडत व्हते. तूच न्हवं का म्हणालीस, एक सोडायचं?"

"एक पेर, अक्का. मेरूची पेरं दोन आहेत."

तिने हात डोळ्यांपुढे धरला. जन्मभर वापरलेला हात पहिल्यांदा बघावा तसा बघितला. बारातून दोन गेले, तर किती, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ती दीडशे भागाकार करून बसली होती. दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंतचा एकेका आकड्याने तिने दहा एकांना भागले होते, अकरांना नव्हे.

"आगं बया," गोदाक्का म्हणाली. मग परात तिथेच टाकून, पदर खोचून उठली. "पाट्या कुठं हायत?"

मी पळत घरी आले. आबा ओसरीवर होते. मी धापा टाकत सांगितले. ते खुर्चीत सरळ झाले.

"म्हणजे मी अजून जिंकलेलो नाही," ते म्हणाले. हे वाक्य एखाद्याने पेढा मागावा तशा आवाजात म्हटलेले मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.


२१,६४९.

सोमवारपर्यंत दोन दिवस. पाट्या पुन्हा वाटल्या. गोदाक्का म्हणाली, "माझी चूक मी निस्तरणार, मला निम्मे पायजेत." तिने पेरांवर मोजणे सोडले. अकरा चिंचोके मांडले. एक खाली घेतला, की एक चिंचोका डावीकडे.

शनिवार गेला. बाकी, पुढे. बाकी, पुढे.

रविवारी नवरेही आले. विलासने सगळ्यांना चहा केला, साखर कारखान्यातल्या माणसाला शोभेल असा. टाइमकीपर बायकोच्या मागे उभा राहून वजाबाकी सांगू लागला, तर रंजना म्हणाली, "हजेरी घ्यायची असेल तर घ्या. इथं डोकं चालवू नका."

मग गोदाक्काचा आवाज आला. मोठा नव्हता. कुरकुरल्यासारखा.

"माझं परत चुकलं ग."

"काय झालं?"

"चिंचोके तर अकरा झाले. पण बाकीच उरंना."

अंगणात जिथल्या हालचाली तिथे थांबल्या. मी तिच्या पाटीशी वाकले. वर लिहिले होते २१६४९. खाली पाढा. त्याखाली वजाबाक्यांची शिडी, तिच्या चौथीतल्या गोल अक्षरात. दहाव्या चिंचोक्याशी बाकी होती १९४८४. मागच्या खेपेला ती इथेच थांबली असणार. एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी, आबांना ओरडून सांगून, पाटी पुसून.

या खेपेला तिने एक अजून खाली घेतला होता. १९४८४१. आणि तिच्याच पाढ्यातली शेवटची ओळ, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास नव्वे: १९४८४१.

मी दोन्ही आकडे बोटाने जुळवले. एक, नऊ, चार, आठ, चार, एक.

"अक्का," मी म्हणाले.

"चुकलंय ना?"

"बाकी?" ओसरीवरून आबा. खुर्ची सरकल्याचा आवाज. "अगं, बाकी किती?"

शकीलाभाभीने तोंडाशी हाताचे कर्णे केले आणि अख्ख्या वसाहतीला ऐकू जाईल असे सांगितले,

"शून्य!"


५,१३,२३९.

"थांबा," आबा म्हणाले. "ओरडू नका. मी बघतो."

बघतो म्हणाले. विलासने त्यांना हाताला धरून अंगणात आणले. खाटेच्या कडेवर बसवले, पापडांशेजारी.

"भागाकार काय आला?"

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस," मी सांगितले.

"आणि भाजक एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास." त्यांनी डोळे मिटले. मिटले काय अन् उघडे काय, पण गुणाकार करताना ते मिटायचे. "उजवीकडून येतो. नव नव्वे एक्क्याऐंशी. लिही."

मी पाटी घेतली.

"एक. हातचे आठ," ते म्हणाले.

"पुढचं घर. सत्तावीस आणि छत्तीस, त्रेसष्ट. हातचे आठ. एकाहत्तर." त्यांचा आवाज अजून सपाट होता. "एक. हातचे सात."

"चौऱ्याऐंशी आणि सात. एक्क्याण्णव. एक. हातचे नऊ."

"बासष्ट आणि नऊ. एकाहत्तर. एक." आता ते घाई करू लागले. "हातचे सात. चोपन्न आणि सात. एकसष्ट. एक!"

पाचव्या एकानंतर रंजना हसू लागली. पुढचा एक सगळ्यांनीच म्हटला.

"पंच्याहत्तर आणि सहा, एक्क्याऐंशी."

"एक!"

"तेहतीस आणि आठ. एक्केचाळीस."

"एक!"

"सदतीस आणि चार. पुन्हा एक्केचाळीस."

"एक!"

आबांच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी येत होते आणि चेहरा हसत होता. "सात आणि चार, अकरा."

"एक!"

"दहा आणि हातचा एक, अकरा."

"एक!"

मी पाटीवर बघितले. दहा झाले होते. गोदाक्काही मोजत होती. चिंचोके मघाच्या गोंधळात लाथाडले गेले होते, म्हणून सवयीने पेरांवर. तिचा अंगठा शेवटच्या पेराशी येऊन थांबला होता. माळ पुरी झाली होती.

"हातचा एक उरला," आबा म्हणाले. "पुढे घर नाही. गुणायला काही नाही. कुठे ठेवू हा?"

गोदाक्काने अंगठा उचलला. क्षणभर तो हवेतच राहिला. मग तिने तो मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर टेकवला, घट्ट, ठसा उमटवावा तसा.

"हितं ठिवा, सर," ती म्हणाली. "मेरूवर. एक डाव चालतंय."

"एक," आबा म्हणाले.

त्यानंतर जे झाले त्याला आवाज म्हणावे की काय, मला माहीत नाही. एक खाट उलटली. पापड मातीत गेले आणि कुणी उचलले नाहीत. रंजनाने टाइमकीपरला सगळ्यांदेखत मिठी मारली. शकीलाभाभी पाटी डोक्यावर धरून अंगणभर फिरली, तिच्यामागे पोरांची रांग. भिंतीपलीकडच्या गल्लीतून कुणी विचारले, काय झाले, मुलगा की मुलगी? "अकरा!" रंजना ओरडली.

आबा खाटेवर तसेच बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"तीस वर्षं वाटत होतं, नाही तुटायची," ते म्हणाले. "आणि या महिन्यात वाटत होतं, तुटू नये. दोन्ही वेगवेगळी होती. दुसऱ्यात गणित नव्हतं."

खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला.

"सकाळची एस. टी. किती वाजता आहे?" आबांनी विचारले.


५३.

सोमवारी मी खिडकीशी बसले होते. विलास ट्रंक टपावर चढवत होता. वसाहतीचे फाटक थांब्यापासून हाकेवर.

आबा निरोपाला थांब्यावर आले नव्हते. मी घरातून निघाले तेव्हा ओसरीवर होते. पाया पडले तर म्हणाले, "बाकी पत्रात लिहीत जा." समोर गोदाक्का पाटी घेऊन बसलेली. काय चाललंय विचारले, तर दोघांनीही सांगितले नाही.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली, आणि फाटकातून गोदाक्का धावत बाहेर आली. साठीपुढची बाई, पदर कमरेला, हातात पाटी. तिच्या मागे, तिने पाठीमागे धरलेल्या हाताला धरून, आबा. पायात चप्पल नव्हती.

"ए थांब की रं मेल्या!" ती ड्रायव्हरला ओरडली.

ड्रायव्हर थांबला नाही, पण त्याने वेग धरला नाही. तेवढ्यात ती खिडकीशी पोचली. पाटी वर केली. तिच्यावरचे मला काही वाचता आले नाही, ती इतकी हलत होती.

"तेरा एक घेतले," ती धापा टाकत म्हणाली. "सरांनी सांगितलं, सव्वीसवर एक उरंल तेवढेच आकडे बघायचे. सत्तावीस चालत न्हाई. मग पयला त्रेपन्न. पयल्याच झटक्यात!"

"काय, अक्का? पहिल्या झटक्यात काय?"

तिने उत्तर दिले नाही. ती मागे वळली. आबा तिच्या मागे, रस्त्याच्या मधोमध, आमच्या धुळीत उभे होते. त्यांचा चेहरा गाडीच्या आवाजाकडे होता आणि त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले होते.

"कुंदा!" मुळीक सर ओरडले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. "बाकी किती?"

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले.

"शून्य!"

"पुढे!" आबा म्हणाले.